चार्जरच्या आडची बॅटरी

५ सप्टेंबर २०२२ रोजी दुपारी एक वाजून गेल्यावर मस्कतची वीज गेली. राजधानीचा मोठा भाग आणि आजूबाजूच्या काही प्रांतांतली गावं एकदम बंद पडली. पारेषणाच्या एका मुख्य वाहिनीवर बिघाड झाला आणि त्याचा धक्का जाळ्यात दूरवर पोहोचला. रस्त्यांवरचे सिग्नल विझले, दुकानांतल्या थंड पेट्या गप्प झाल्या, आणि सप्टेंबरच्या त्या उकाड्यात लोक गाडीचा एसी लावून गाडीतच बसून राहिले. वीज टप्प्याटप्प्याने परत यायला काही तास गेले. मुंबईकरांना याची कल्पना वेगळी द्यायला नको. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी तिथेही लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या.

अशा दिवशी बातमी होते ती वीज गेल्याची आणि आल्याची. मधल्या काळात उपकेंद्रात काय चालू असतं, हे सहसा कोणी विचारत नाही. वीज परत द्यायची म्हणजे शेकडो ब्रेकर एका ठरलेल्या क्रमाने उघडायचे आणि मिटायचे. ब्रेकर हलवणाऱ्या कॉइलला वीज लागते. बिघाड ओळखणाऱ्या रिलेला लागते, नियंत्रण कक्षाशी बोलणाऱ्या यंत्रणेला लागते, आणि अंधारात पॅनलसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरच्या दिव्यालाही लागते. ही वीज बाहेरच्या तारेवरून येऊन चालत नाही, कारण नेमकी ती गेलेली असते. ती येते शेजारच्या बंद खोलीतल्या बॅटऱ्यांमधून. उपकेंद्रात ती बहुधा ११० व्होल्ट डीसी असते. आणि त्या बॅटऱ्यांना वर्षानुवर्षं भरलेलं ठेवायचं काम करतो भिंतीला लागून उभा असलेला, राखाडी रंगाचा, मंद गुणगुणणारा एक कपाटाएवढा चार्जर.

हा लेख त्या चार्जरच्या बिघाडांबद्दल आहे. माझं पोट याच कामावर आहे, आणि मुक्काम बौशरला.

बौशर ही मस्कत प्रांतातली एक विलायत, म्हणजे आपल्या तालुक्यासारखा भाग. मराठी पाहुणा मस्कतला येतो तेव्हा त्याला जे दाखवायला नेतात, त्यातलं बरंचसं खरं तर बौशरमध्येच आहे. २००१ साली खुली झालेली सुलतान काबूस भव्य मशीद इथली, डोंगराच्या कुशीतले वाळूचे ढिगारे इथले, घाल्याचा गरम पाण्याचा झराही इथलाच. आपली मुलं ज्या इंडियन स्कूलमध्ये जातात त्या अल-घुब्रा आणि बौशर अशा दोन शाळाही इथल्याच. मला मात्र बौशरची दोन टोकं जास्त महत्त्वाची वाटतात. एक घुब्रा. समुद्राकाठच्या या जागी १९७६ साली वीज आणि गोडं पाणी एकत्र तयार करणारा प्रकल्प सुरू झाला आणि आधुनिक मस्कत त्याच्या जोरावर उभं राहिलं. १९७० च्या आधी सूर्यास्तानंतर काही तासांनी मस्कत शहराचे दरवाजे बंद होत आणि रात्री बाहेर पडणाऱ्याला हातात कंदील धरावा लागे. त्या शहराला अवघ्या काही वर्षांत नळ आणि दिवे मिळाले. दुसरं टोक घाला. गोदामं, गॅरेजं, सुटे भाग विकणारी दुकानं, मोटारी भरून देणारी वर्कशॉपं. इथेच एका वर्कशॉपमध्ये मी चार्जर शिकलो. शिकवणारे होते मिरजेकडचे एक गृहस्थ. त्यांना मल्याळी, पंजाबी, ओमानी, सगळेच अण्णा म्हणत. महाराष्ट्रात उपकेंद्रांच्या देखभालीत बरीच वर्षं काढून ते इकडे आले होते.

चार्जरचं काम वरवर पाहिलं तर साधं आहे. ४१५ व्होल्टचा तीन फेजचा एसी आत घ्यायचा, ट्रान्सफॉर्मरने उतरवायचा, थायरिस्टरच्या, म्हणजे इशाऱ्यावर चालू होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या, पुलातून डीसी करायचा, गाळून सपाट करायचा आणि ठरलेल्या व्होल्टेजवर धरून ठेवायचा. शिसे-आम्लाच्या बंदिस्त बॅटरीला २५ अंशांवर दर सेलला साधारण २.२५ व्होल्ट लागतात. ११० व्होल्टच्या बँकेत ५५ सेल, म्हणजे १२३.७५ व्होल्ट. याला फ्लोट म्हणतात. बॅटरी रिकामी झाली की काही तास व्होल्टेज वाढवून तिला भरायचं, तो बूस्ट. एकाच वेळी चार्जर दोन कामं करतो: उपकेंद्राचा रोजचा डीसी भार स्वतः उचलतो आणि बॅटरीला थेंब थेंब देऊन भरलेली ठेवतो.

सगळी गोम या दुहेरी कामात आहे. घरात कमावता मुलगा असला की बँकेच्या पासबुकात किती उरलंय याकडे कोणी बघत नाही, तसं इथे होतं. चार्जर चालू आहे तोवर पॅनलवरचा व्होल्टमीटर १२३ दाखवतो, दिवे लागतात, रिले जागे असतात. त्या १२३ मध्ये बॅटरीचा वाटा किती, हे मीटर सांगतच नाही. बॅटरी मेलेली असली तरी आकडा तोच.

अण्णांनी मला हे सांगितलं नाही, दाखवलं. एका कारखान्याच्या उपकेंद्रात आम्ही बझर का वाजतो ते बघायला गेलो होतो. तक्रार अगदी किरकोळ, चार्जरच्या पंख्याची. पंखा बदलला, बझर थांबला. तिथला माणूस सही करायला कागद मागू लागला. अण्णा म्हणाले, "थांब जरा. बॅटरीच्या केबलला क्लॅम्प लाव."

लावला. शून्य.

भरलेली बॅटरीही फ्लोटवर थोडा करंट घेत राहते. लहान बँक असेल तर मिलिॲम्पिअरमध्ये, पण घेते. अजिबात घेत नाही याचा अर्थ वाट कुठेतरी तुटली आहे. फ्यूज पाहिला, शाबूत. बॅटरीचा स्विच पाहिला, बंद नव्हता. मग आम्ही एकेका सेलवर मल्टिमीटर लावत गेलो. २.१४, २.१३, २.१४, २.१५. सगळे फ्लोटच्या खाली, आराम करत असलेल्या सेलसारखे. आणि मग रांगेच्या मधल्या एका सेलवर मीटरने आठ व्होल्टच्या वरचा आकडा दाखवला. दोन व्होल्टच्या सेलवर आठ! मला वाटलं मीटर बिघडला. अण्णांनी मला हिशेब करायला लावला. ५४ सेल प्रत्येकी २.१४ धरले तर ११५.५६ होतात. चार्जर देतोय १२३.७५. उरलेले आठ व्होल्ट कुठे जाणार? जिथे वाट तुटली आहे तिथेच दिसणार. त्या सेलच्या आतली शिशाची जोडपट्टी गंजून तुटली होती. बाहेरून सेल तुकतुकीत, टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीसुद्धा लावलेली.

त्या अवस्थेत बाहेरची वीज गेली असती तर डीसी त्याच क्षणी शून्य झाला असता. एखाद्या फीडरवर शॉर्ट झाला असता तर रिले आंधळा, ब्रेकर लुळा. मग तो बिघाड तोडायची जबाबदारी वरच्या उपकेंद्रावर जाते, आणि तिथला रिले जागा होईपर्यंत खालची केबल, ट्रान्सफॉर्मर, माणसं सगळी धोक्यात. पंख्याच्या तक्रारीपायी हे सापडलं. तो पंखा आठवडाभर आधी किंवा नंतर बिघडला असता तर काय, हा विचार मी आजही करत नाही असं नाही.

चार्जरचा बिघाड शोधताना हात लावायच्या आधी तीन गोष्टी करायच्या, असा अण्णांचा दंडक: बघायचं, वास घ्यायचा, ऐकायचं. आणि त्याही आधी हातातलं घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून खिशात ठेवायची. बॅटरीच्या दोन टर्मिनलमध्ये सोन्याची अंगठी आडवी आली तर ती बोटावरच लाल होते. तिथे फ्यूज नसतो की मधे पडायला कोणी.

वासाने बरंच कळतं. कुजक्या अंड्याचा वास आला की बॅटरीला जास्त व्होल्टेज मिळतंय आणि ती तापते आहे. वॉर्निश जळाल्याचा वास म्हणजे ट्रान्सफॉर्मर किंवा चोक. खोलीत गेल्यावर पहिल्यांदा एक्झॉस्ट पंखा चालू आहे का ते पाहायचं, कारण बूस्टवर बॅटरी हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते.

ऐकण्याची गोष्ट मला सगळ्यात उशिरा जमली. तीन फेजच्या सहा थायरिस्टरच्या पुलातून सेकंदाला ३०० लाटा निघतात, आणि निरोगी चार्जर त्या सुरात गुणगुणतो. एखादा थायरिस्टर चालेनासा झाला की सूर उतरतो, आवाज जाड आणि घरघरीत होतो. गंमत अशी की व्होल्टमीटर तरीही बरोबर आकडा दाखवत राहतो. कंट्रोल कार्ड उरलेल्या पाच थायरिस्टरना लवकर चालू करून सरासरी भरून काढतं. ऑसिलोस्कोप लावला की खरं दिसतं: सहा उंचवट्यांपैकी लागून असलेले दोन गायब, कारण प्रत्येक थायरिस्टरचा हात दोन उंचवट्यांना असतो. मग शोध सुरू. थायरिस्टर मेला आहे, की त्याच्या गेटला पल्स पोचत नाही? चार्जर बंद करून गेट आणि कॅथोडमधला रोध मोजायचा. तो काही ओहम ते काही दशक ओहम असा यायला हवा. उघडा दाखवला तर गेटच तुटलं. बरोबर आला तर वायर, कनेक्टर, पल्स ट्रान्सफॉर्मर असं मागे मागे जायचं. माझ्या अनुभवात कार्ड फार कमी वेळा दोषी निघतं. सैल लग फार वेळा निघतो. तरी तक्रार आली की लोक पहिल्यांदा नवीन कार्ड मागवतात, कारण कार्ड बदलणं हे काम केल्यासारखं दिसतं.

फ्यूजबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. थायरिस्टरच्या आधी लावलेला फ्यूज वेगळ्या जातीचा असतो. तो काही मिलिसेकंदांत तुटायला हवा, नाहीतर त्याच्याआधी थायरिस्टर जळतो. घाईच्या वेळी कपाटात सापडला तो, तेवढ्याच ॲम्पिअरचा साधा फ्यूज ठोकून देणारे महाभाग इथेही आहेत आणि आपल्याकडेही. अंगावर छापलेला आकडा सारखा असला तरी ती चूक पुढच्या बिघाडाला दहापट महाग करते. आणि फ्यूज उडाला, म्हणून नवा घालून चालू करायचं, हेही नको. तो का उडाला याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा घालायचा नाही.

फिल्टरचे कपॅसिटर हा इकडच्या हवेत खास लक्ष द्यायचा भाग. त्यांच्या आतलं द्रव उष्णतेने सुकतं. तापमान १० अंशांनी चढलं की आयुष्य जवळजवळ निम्मं. कपॅसिटर कमजोर झाला की डीसीवरची लहर वाढते. ती लहर बॅटरीला दिवसरात्र किंचित भरत आणि किंचित उपसत राहते, बॅटरी आतून तापते, आणि दोन वर्षांनी कोणी तरी म्हणतं की बॅटरी कंपनीनं फसवलं. डोकं फुगलेला कपॅसिटर नुसत्या डोळ्यांना दिसतो. पण त्यासाठी मागचं दार उघडायला हवं, आणि त्या दाराचे स्क्रू बहुतेक ठिकाणी रंगाने चिकटलेले असतात.

आता उन्हाबद्दल.

बॅटऱ्यांची सगळी पत्रकं २५ अंश धरून लिहिलेली असतात. २६ जून २०१८ रोजी मस्कत प्रांतातल्याच कुरियातला चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. पहाटेसुद्धा नाही. जगातल्या सर्वांत जास्त किमान तापमानाचा तो विक्रम ठरला. अशा ठिकाणी बॅटरीच्या खोलीतला एसी हा बॅटरीचाच अवयव समजायला हवा. शिसे-आम्लाची बॅटरी साधारण दर ८ ते १० अंशांना आयुष्याचा अर्धा भाग गमावते. दहा वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी ३५ अंशांच्या खोलीत पाच वर्षांत संपली तर नवल नाही. उन्हाळ्यात फोन येतो तो "चार्जर नीट चालत नाही" असा, आणि जाऊन बघावं तर एसीचा ड्रेन तुंबून एसी बंद पडलेला असतो.

उष्णता वाढली की फ्लोटचं व्होल्टेज कमी करायला हवं. दर सेलला, दर अंशाला साधारण ३ मिलिव्होल्ट. चार्जर ते स्वतः करतो, एका छोट्या सेन्सरच्या भरवशावर. घाल्यातल्याच एका गोदामाच्या बॅकअपवर एकदा बॅटऱ्या फुगलेल्या सापडल्या. चार्जर तपासला, सगळं शाबूत. व्होल्टेज मात्र जवळजवळ १२४.२. सेन्सर शोधला तर तो बॅटरीवर नव्हताच. कोणीतरी बॅटरी बदलताना तो सोडवला होता, आणि तो चार्जरच्या कपाटात, एसीच्या थेट झोतात लोंबकळत होता. त्याच्या लेखी खोली २२ अंशांवर होती, बॅटरी प्रत्यक्षात ३८ वर. १६ अंशांचा फरक, ५५ सेल: हिशेबाने चार्जर दोन व्होल्ट आणि वर सहा दशांश जादा देत होता. महिनोन् महिने. चार्जरने हुकूम अगदी बिनचूक पाळला होता. हुकूम चुकीच्या जागेवरून येत होता. टेपच्या एका पट्टीने सेन्सर सेलच्या अंगाला चिकटवला, आणि बॅटरीची अख्खी बँक बदलायला सांगितली.

म्हणूनच आखातात पुष्कळ उपकेंद्रांत निकेल-कॅडमियम दिसते. महाग, पण उकाडा सोसते. ११० व्होल्टसाठी तिचे ८६-८७ सेल लागतात. तिच्यात शिसे-आम्लाच्या सवयीने वागणं घातक. हायड्रोमीटर बुडवून चार्ज किती आहे हे तिच्यात कळत नाही, कारण तिच्या अल्कलीची घनता चार्जप्रमाणे बदलतच नाही. आणि आम्लाच्या बॅटरीत बुडवलेला हायड्रोमीटर न धुता, खरं तर धुऊनही, तिच्यात घालायचा नाही. आम्लाचे चार थेंब तिचं वाटोळं करतात. दोन जातींची हत्यारं दोन वेगळ्या रंगांच्या पेट्यांत ठेवायची, हा नियम मी एका मल्याळी सहकाऱ्याकडून उचलला. त्याच्या दोन्ही पेट्यांना कुलूप असे आणि किल्ल्या वेगवेगळ्या खिशांत.

पण बौशरमध्ये मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते डीसी अर्थ फॉल्टने.

उपकेंद्राचा डीसी जमिनीला जोडलेला नसतो. प्लस आणि मायनस दोन्ही जमिनीपासून तोलून धरलेले, प्रत्येकी साधारण ६२ व्होल्टवर. एखादी वायर कुठे ओली झाली, तिचं आवरण चिरलं, की तो तोल एका बाजूला कलतो. तेवढ्याने काही बंद पडत नाही, आणि तोच धोका आहे. अलार्म वाजतो, कोणी तरी ॲक्नॉलेज करतं, काम चालू राहतं. मग महिन्याभराने दुसऱ्या ठिकाणी दुसरी वायर जमिनीला लागते, आणि दोन्ही मिळून रिलेला वळसा घालणारी एक वाट तयार होते. काही कारण नसताना ब्रेकर पडतो. किंवा उलटं, पडायला हवा तेव्हा पडत नाही.

एका उपकेंद्रात हा अलार्म रोज यायचा आणि रोज जायचा. आम्ही सकाळी दहाला पोचायचो तेव्हा मीटर ८० आणि ४४ असं काहीतरी दाखवायचा; दुपारपर्यंत तोल बरोबर. तक्रार करणारा खोटा पडायचा. जुलैत गरबी वाहते, वाळवंटाकडून येणारा कोरडा, भाजून काढणारा पश्चिमी वारा. त्या दिवसांत अलार्म आलाच नाही. गरबी थांबून समुद्राकडची दमट हवा परतली, की अलार्म हजर. तिथली ओमानी अभियंता, वयाने लहान पण कामात चोख, हिने हे तारखांवरून पकडलं. तिने आपल्या वहीत अलार्मच्या वेळांशेजारी हवेतल्या आर्द्रतेचे आकडे लिहून ठेवले होते. तिनेच सांगितलं, "पहाटे या."

पहाटेची अजान होऊन गेली होती. गाडीच्या काचेवर दव साचून ओघळ येत होते. आत मीटरवर ११८ आणि ६. एकेक फीडर बंद करून बघणं ही जुनी, खात्रीची रीत, पण ज्याची वायर बंद करायची त्याचं संरक्षणही तेवढा वेळ बंद होतं, त्यासाठी परमिट लागतं आणि पहाटे चारला ते देणारं कोणी नसतं. आम्ही दुसरी रीत धरली. डीसीवर अगदी कमी वारंवारतेचा छोटा सिग्नल सोडायचा आणि क्लॅम्प घेऊन प्रत्येक केबलवर तो शोधत जायचं. जिथून तो जमिनीत झिरपतो ती केबल बोलते. ती बाहेर, ट्रान्सफॉर्मरकडे जाणारी निघाली.

ट्रान्सफॉर्मरच्या अंगावरची मार्शलिंग पेटी उघडली. दाराचं रबर उन्हाने इतकं कडक झालं होतं की बोटाने मोडलं. आत टर्मिनलच्या रांगेवर धूळ, त्या धुळीत समुद्राचं मीठ, आणि त्या मिठावर रात्रीचं दव. टॉर्चच्या उजेडात दोन टर्मिनलच्या मधे हिरवट पांढरा थर चमकत होता. सूर्य वर आला की तो वाळायचा आणि बिघाड नाहीसा व्हायचा. त्या पेटीत दव साचू नये म्हणून एक छोटा हीटर बसवलेला असतो. तो होता, धडधाकट होता. त्याचा एमसीबी मात्र खाली होता. 'उन्हाळ्यात हीटर कशाला' असं वाटून कोणी तरी तो बंद केला असणार, आणि हा समज अगदी साहजिक आहे. पण दव हवेतल्या बाष्पामुळे पडतं, आणि मस्कतच्या उन्हाळ्यात बाष्पाची कमी नाही. टर्मिनल पुसले, दोन बदलले, रबर नवं घातलं, एमसीबी वर केला आणि त्याच्याखाली अरबी आणि इंग्रजीत चिठ्ठी लावली. मीटर ६२-६२ वर आला तेव्हा सूर्य उगवलेलाही नव्हता. त्या अभियंतेने थर्मासमधून कहवा ओतला आणि खजुराचा डबा पुढे केला. अण्णांनी माझ्याकडे बघून मराठीत म्हटलं, "वही बघितलीस ना तिची? निम्मं काम वहीने केलंय."

नव्या चार्जरमध्ये थायरिस्टरऐवजी छोटी छोटी मॉड्युलं असतात. एक बिघडलं तर चालू असताना ओढून काढायचं आणि दुसरं सरकवायचं. बाकीची भार उचलतात. सोय मोठी आहे. पण त्यांचे पंखे घाल्यातली धूळ ओढतात, जाळ्या तुंबतात, आणि एका मॉड्युलचा भार दुसऱ्यावर पडून ती ओळीने बसत जातात. महिन्यातून एकदा जाळी झटकणं एवढाच त्यावर उपाय, आणि तोच होत नाही. गोदामांतल्या फोर्कलिफ्टच्या चार्जरचीही तीच कथा. तिथे तर निम्म्या तक्रारी प्लगच्या काजळलेल्या पिनांच्या निघतात.

आपल्या महाराष्ट्राचा या यंत्राशी जुना संबंध आहे. उपकेंद्रांचे चार्जर जळगावच्या एमआयडीसीत बनतात, चिंचवडला बॅटऱ्या बनतात. इकडे आखातात देखभालीच्या कामावर सांगली-मिरजेकडची, खानदेशातली, कोकणातली आयटीआय झालेली मुलं भेटतात. त्यांचं नाव कुठल्याच उद्घाटनाच्या पाटीवर येत नाही. जुलैच्या दुपारी बॅटरीच्या खोलीत ॲप्रन, गॉगल आणि रबरी हातमोजे घालून ५५ सेलची रीडिंग घेणं, आणि चाळिसाव्या सेलनंतरही आकडा अंदाजाने न लिहिता खरोखर मोजून लिहिणं, याला काय लागतं ते मी जवळून पाहिलं आहे. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे आणि तो इथे नोंदवायचा आहे.

या डीसीची खरी किंमत जगाने ११ मार्च २०११ नंतर पाहिली. फुकुशिमाला त्सुनामीचं पाणी तळघरात शिरलं आणि काही अणुभट्ट्यांच्या बॅटऱ्या आणि डीसी पॅनल बुडाले. नियंत्रण कक्षातले मीटर विझले. भट्टीत पाणी किती आहे हे कळायची सोय उरली नाही. तिथल्या माणसांनी आवारातल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि त्या जोडून मीटर जागे केले. पुढे १३ मार्चला तिसऱ्या भट्टीचा दाब सोडणाऱ्या झडपेसाठी १२ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एका माळेत जोडाव्या लागल्या. १२० व्होल्ट. साधारण तेवढाच आकडा, जो इथल्या प्रत्येक उपकेंद्रात भिंतीवर दिसतो आणि ज्याकडे येता-जाता कोणी बघत नाही. आपल्याकडे ३१ मार्च १९९३ च्या पहाटे नरोरा अणुवीज केंद्रात आग लागून केबली जळाल्या आणि १७ तास केंद्र विजेविना राहिलं. तेव्हा कर्मचारी टॉर्च घेऊन वर चढले आणि त्यांनी हाताने झडपा उघडून भट्टीत बोरॉन सोडलं.

बॅटरी खरंच किती देईल, हे कळायचा एकच भरवशाचा मार्ग आहे: चार्जर बाजूला काढायचा आणि तिला ठरलेल्या करंटने रिकामी करून बघायचं. दहा तासांच्या चाचणीत दर सेल १.८५ व्होल्टवर यायच्या आत तिने किती दिलं ते मोजायचं. क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या खाली गेली की बॅटरी बदलायची, असा जगभरचा प्रघात. ही चाचणी फार ठिकाणी टळते. दहा तास लागतात, तेवढ्या वेळासाठी दुसरी बँक भाड्याने आणावी लागते, परमिट लागतं, रात्र जागावी लागते, आणि निकाल वाईट आला तर पैसे मागावे लागतात. चार्जरचा व्होल्टमीटर १२३ दाखवतोय हे कारण पुढे करणं फार सोपं असतं. माझं स्पष्ट म्हणणं आहे की ज्या इमारतीत लोक लिफ्टने वर जातात, ज्या इस्पितळात शस्त्रक्रिया होतात, त्यांच्या उपकेंद्राची ही चाचणी टाळणाऱ्याला वीज गेल्यावर आश्चर्य वाटायचा अधिकार नाही. तेवढंही शक्य नसेल तर निदान महिन्यातून एकदा, माणूस समोर उभा असताना, काही मिनिटं चार्जरचा एसी बंद करून बघावा. निरोगी बँक १२३ वरून ११२-११४ च्या आसपास उतरून तिथे टिकते. तुटलेली बँक पहिल्या सेकंदालाच बोलते.

पहाटेच्या त्या उपकेंद्रात ही पूर्ण चाचणी पुढच्या हिवाळ्यात झाली. मस्कतमध्ये डिसेंबर-जानेवारीत एसी बंद असतात, विजेची मागणी उतरते, शटडाउन मिळतो. भाड्याची बँक लावून आम्ही संध्याकाळी सुरुवात केली. दर तासाला सगळे सेल मोजायचे. एक जण मीटर धरणार, एक जण आकडा मोठ्याने म्हणणार, एक जण लिहिणार. सहाव्या तासापर्यंत सगळे एकमेकांच्या जवळ होते. सातव्यात दोन सेल घसरले, आठव्यात ते १.८५ च्या खाली गेले. बाकीची बँक दहाव्या तासाला उभी होती. दोन्ही सेल रॅकच्या त्या टोकाचे, जिथे बाहेरची पश्चिमेकडची भिंत दुपारभर तापते. ते बदलले, रॅक भिंतीपासून हातभर पुढे ओढला.

त्यानंतर त्या अभियंतेने आपल्याकडच्या सगळ्या उपकेंद्रांची लॉगशीट बदलून घेतली. आधी तिच्यात चार्जरचं व्होल्टेज आणि चार्जरचा करंट असे दोनच रकाने होते. आता बॅटरीचा करंट, सर्वांत गरम सेलचं तापमान आणि प्लस-मायनसचे जमिनीपासूनचे व्होल्टेज असे वेगळे रकाने आहेत, आणि बॅटरीच्या करंटपुढे शून्य लिहून सही करता येत नाही. शून्य आलं तर तिला त्याच वेळी फोन करायचा.